मऊ व्हायला निघालेला साळिंदर

बाळांनो, मांडी घालून बसा, एकमेकांना कोपर मारू नका आणि ऐका. एका जंगलात टोकेराव नावाचा साळिंदर राहत होता. साळिंदर म्हणजे अंगभर लांब, अणकुचीदार काटे. बिबट्यासुद्धा त्याला बघून वाट बदलतो.

टोकेरावाच्या बायकोचं नाव गोजरी. तिला दिवस गेले होते आणि आता ते भरत आले होते. तिला वाकता येत नव्हतं, धड झोपता येत नव्हतं, आणि सारखं जुनं हाड कुरतडावंसं वाटत होतं. साळिंदरांत डोहाळे असेच असतात. टोकेराव जंगलभर हिंडून तिच्यासाठी चांगली मुरलेली हाडं आणायचा. नवरा म्हणून त्याचं बरं चाललं होतं. त्याला घोर लागला होता तो बाप होण्याचा.

"अगं, मी बाळाला उचलून घेणार कसं?" तो विचारायचा. "माझे काटे टोचतील त्याला."

"तुमच्या बाबांनी तुम्हाला घेतलंच असेल ना?"

"नाही घेतलं," टोकेराव म्हणाला. बाबा सदा पाठ करून बसायचे, एवढंच त्याला आठवत होतं. आपल्या बाळाला असं काही आठवू नये, असं त्याला मनापासून वाटायचं.

आता बाप घाबरलेला आहे म्हटल्यावर शिबिर निघायला कितीसा वेळ लागतो? कोमलकांत नावाच्या कोल्ह्याने वडाखाली 'मृदू पालकत्व शिबिर' सुरू केलं. प्रवेश फुकट. कोमलकांत सरांना स्वतःला मुलंबाळं नव्हती, त्यामुळे शिकवायला त्यांच्याकडे भरपूर वेळ होता. एक सशीण आली होती, पण घरी पोरं रडत असल्यामुळे ती लगेच गेली. टोकेराव मात्र पहिल्या रांगेत बसून राहिला.

"बाळाला पोटात सगळं ऐकू येतं," सर म्हणाले. टोकेरावाने घरी येऊन गोजरीच्या पोटाला पोकळ बांबू लावला आणि 'बे एके बे' सुरू केलं.

"अहो, बाळ झोपलंय," गोजरी म्हणाली. "आणि मीही झोपले होते."

"बाळाला मोकळी हवा लागते, बिळाचं दार रुंद करा," सर म्हणाले. टोकेरावाने दार रुंद केलं. इतकं रुंद, की त्यातून एखादा कोल्हा आरामात आत येईल. तुमच्या हे लक्षात आलं ना? टोकेरावाच्या नाही आलं. तुम्ही अजून शिबिराला गेलेला नाहीत.

पुढच्या वर्गात सरांनी शेपटीने डोळे पुसले. "बाळाला होणारा पहिला स्पर्श मऊ हवा. जे आईबाप अंगावर काटे बाळगतात, त्यांचं बाळावर प्रेमच नाही. दोघांचे काटे काढणं, हाच गृहपाठ."

टोकेरावाच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी जाताना झाडाला अंग घासत, दात आवळून त्याने सगळे काटे उपटून टाकले. बिळात शिरला तेव्हा तो सोललेल्या रताळ्यासारखा दिसत होता.

"अगंबाई! हे काय करून बसलात?" गोजरी म्हणाली.

"बाळासाठी केलं. आता तुझी पाळी."

"मला हात लावून तर बघा! अहो, आपली पोरं मऊच जन्मतात, काटे मागाहून कडक होतात. माझ्या आईने आम्हा सगळ्यांना वाढवलं, कुणाला कधी टोचलं नाही."

"तुझ्या आईने शिबिर केलं होतं का?"

"नाही."

"मग!" टोकेराव म्हणाला.

गोजरीने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि ती हाड कुरतडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "काय टोकेराव, गृहपाठ झाला का?"

बायको ऐकत नाही, हे चारचौघांत सांगायचं कसं? "झाला सर," टोकेराव म्हणाला. "दोघांचाही."

"शाब्बास! बाळ झालं की आधी मला कळवा."

एके दिवशी सकाळी गोजरी मोकळी झाली. मुलगी झाली. एवढीशी, ओलसर, डोळे टक्क उघडे. टोकेराव आनंदाने वेडा झाला. आजोळी निरोप धाडायच्या आधी तो वडाकडे पळाला आणि सरांना घेऊनच आला. सर रुंद दारातून ऐटीत आत शिरले.

"पहिला स्पर्श तज्ज्ञाचा असावा," ते म्हणाले. त्यांच्या तोंडातून लाळ गळत होती. टोकेरावाला वाटलं, मायाच ती.

सरांनी बाळाच्या मानेशी तोंड नेलं, तेव्हा टोकेरावाला त्यांचे दात दिसले. शिबिरात सर तोंड मिटून हसायचे.

टोकेराव झेप घेऊन मध्ये पडला. सवयीने त्याने सगळं अंग फुलवलं. अंगच फुललं नुसतं, त्यावर उभं राहायला काही नव्हतंच. सरांनी त्याच्या खांद्याचा लचका तोडला. तरी तो बाळापुढून हलला नाही. बाळांनो, त्याला कितीही हसा, पण हे विसरू नका.

तेवढ्यात गोजरी उठली. नुकतीच बाळंत झाली होती, तरी उठली. तिने सरांकडे पाठ केली, काटे ताठ केले आणि मागच्या मागे सुसाट धावली. सरांचं नाक, गाल, जीभ, सगळीकडे काटेच काटे. केकाटत ते दारातून पळाले. दार रुंद होतं म्हणून बरं, नाहीतर अडकून बसले असते.

मग गोजरीने लेक उचलली आणि टोकेरावाच्या उघड्या पोटावर ठेवली. "घ्या. याचसाठी केलंत ना सगळं?"

टोकेराव रडला. दिवसभर त्याने तिला खाली ठेवलं नाही. संध्याकाळी मात्र तो जोरात ओरडला. लेकीचे काटे कडक व्हायला लागले होते.

पुढच्या पौर्णिमेला वडाखाली नवं शिबिर निघालं, 'काटेदार पालकत्व'. नाकाला पाला बांधून कोमलकांत सर स्वानुभवातून शिकवत होते. पहिल्या रांगेत टोकेराव होता.

तात्पर्य : तज्ज्ञ सांगतील ते सगळं बापाने निमूटपणे करावं. फक्त आपली बायको आपलं ऐकणारी नाही, याची आधी खात्री करून घ्यावी.