आधी नाडी, मग झाडी

रामलिंगच्या जंगलात शिरायच्या आधी आमच्या कॉलनीतल्या प्रत्येक माणसाला हात पुढं करावा लागतो. तो तिकिटासाठी नाही, नाडीसाठी. येडशीच्या अभयारण्याच्या फाटकापाशी वाघमारे सिस्टर उभ्या असतात. डोक्यावर पांढरी कापडी टोपी, साडीखाली लालभडक बूट, आणि मनगटावर घड्याळाची तबकडी आतल्या बाजूला. एकेकाचं मनगट धरून त्या ओठ हलवत मोजतात आणि निकाल देतात.

"चला. चला. तुम्ही दोन मिनिटं बसा. पळत आलाव काय?"

नवीन माणूस विचारतो, हे कशाला. त्या मान वर न करता म्हणतात, "आधी नाडी, मग झाडी."

हे वाक्य त्यांनी स्वतः जुळवलंय आणि त्याचा त्यांना फार अभिमान आहे. एकदा आमच्या देशमुखांनी, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअरनी, हातातलं नवं घड्याळ दाखवून सांगितलं की हेच माझी नाडी मोजतं. सिस्टरांनी ते घड्याळ नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "बरंय. घड्याळाची तब्येत कळली. आता तुमचा हात द्या."

सिस्टर धाराशिवच्या सरकारी दवाखान्यातून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. आमच्या समोरच्या बैठ्या घरात एकट्या राहतात. लग्न केलं नाही. पौर्णिमेला विहारात जातात, रोज संध्याकाळी अंगणात पाणी मारतात आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी आख्ख्या कॉलनीला जंगलात नेतात. कॉलनीतल्या निम्म्या पोरांना पहिली सुई त्यांनीच टोचलेली आहे, त्यामुळं त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही. शनिवारी संध्याकाळी त्या दारोदार फिरतात. विचारायला नव्हे, सांगायला. "सकाळी सहा. बूट घालून. चपलेत आलेला माणूस फाटकाबाहेर बसून ऱ्हाईल."

त्यांचे नियम बरेच आहेत. चिप्सची पुडी आणायची नाही, माकडं मागं लागतात. अत्तर लावायचं नाही. मोठ्यानं बोलायचं नाही. "वॉर्डात आल्यासारखं चाला," हे त्यांचं दुसरं आवडतं वाक्य. पण सगळ्यात मोठा नियम असा की, जो सगळ्यात हळू चालतो त्यानं सगळ्यांच्या पुढं राहायचं. बाकीच्यांनी त्याच्या मागून यायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हा नियम उलटा वाटला होता. देशमुखांना तर अजूनही वाटतो. रोज दहा हजार पावलं टाकणारा तो माणूस चौथ्या इमारतीतल्या जोशीकाकूंच्या मागून, गुडघेदुखीच्या वेगानं, निमूट चालत असतो.

एवढ्या हौसेनं जंगलात जाणाऱ्या बाईला जंगलातलं काही कळत असेल असं तुम्हाला वाटेल. सिस्टरांना फक्त मोर, माकड आणि पळस ओळखता येतो. बाकी कुठलाही पक्षी दिसला आणि पोरांनी नाव विचारलं की त्या गंभीरपणे म्हणतात, "हा नेहमीचाच हाय." मात्र त्या दिसेल त्याची नोंद ठेवतात. एकदा त्यांची वही माझ्या हाती लागली. आत लिहिलं होतं: "काळा पक्षी, एक. शेपूट लांब. तब्येत उत्तम." त्याखाली: "माकडीण, एक, पिल्लासह. पिल्लू अंगावर पितं. दोघं सुखरूप." आणि त्याखाली: "मोर, एक. डावा पाय किंचित ओढतो. पुढल्या वेळी बघणे."

मी या सहलींना बायकोच्या आणि मुलीच्या धाकानं जायचो. गेल्या वर्षी मात्र एक वेगळीच गोष्ट घडली आणि तिला कारण झाले आमचे अण्णा.

अण्णा म्हणजे माझे वडील. सगळा जन्म अणदूरला गेला, मेंढरांमागं. आई गेल्यावर मी त्यांना धाराशिवला घेऊन आलो. इथं त्यांना काही कमी नव्हतं. पण ते दिवसभर गॅलरीतल्या खुर्चीत बसायचे, समोरच्या पाण्याच्या टाकीकडं बघत. जेवायला हाक मारली की यायचे. दिवसाकाठी एकच प्रश्न विचारायचे, "आज वार कंचा?" आणि सांगितला की मान हलवायचे. डॉक्टरांना दाखवलं. रक्त तपासलं. सगळं ठीक होतं.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी सिस्टर आमच्या दारात आल्या आणि थेट गॅलरीत गेल्या. अण्णांचं मनगट धरलं. बराच वेळ धरलं.

"ह्यांना काय झालं न्हाय," त्या मला म्हणाल्या. "कंटाळा झालाय. त्याला गोळी न्हाय. उद्या आणा."

"सिस्टर, अठ्ठ्याहत्तर वय आहे. चढ-उतार कसा झेपेल?"

"नाडी तुमच्यापेक्षा बरी हाय," त्या म्हणाल्या. मग अण्णांकडं वळून, "अण्णा, बूट हायेत का?"

अण्णांनी मान हलवून नाही म्हटलं. ते आयुष्यभर जाड वहाणाच घालत आलेले. सिस्टर विचारात पडल्या. नियम मोडायचा म्हणजे त्यांच्या जिवावर आलं होतं. शेवटी म्हणाल्या, "वहाण चपलेत मोडत न्हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही अकराजण दरीतल्या रामलिंगाच्या देवळावरून वर निघालो. अर्थातच अण्णा सगळ्यांच्या पुढं. थंडी नुकती पडायला लागली होती. गवत पिवळं झालं होतं आणि समोरून कोवळं ऊन येत होतं. अण्णा काठी टेकत, मध्येच थांबत, एखाद्या झुडपाचा पाला चुरगळून वास घेत चालले होते. देशमुख मागून घड्याळ बघत उसासे सोडत होते. सिस्टर दर दहा मिनिटांनी अण्णांना पाणी पाजत होत्या.

जरा वेळ विसावा घेतला, पोहे खाल्ले आणि आम्ही परत फिरलो. निदान आम्हाला तसं वाटलं. सिस्टर म्हणाल्या, "मला एक जवळची वाट म्हाईत हाय." आम्ही त्यांच्या मागून एका पायवाटेला लागलो. ती वाट एका धावड्याच्या झाडाला वळसा घालून गेली, मग गवतात शिरली, आणि गवतात शिरली ती परत बाहेर आलीच नाही.

अर्धा तास झाला. पोरं कुरकुरायला लागली. जोशीकाकू दगडावर बसल्या. देशमुखांनी फोन वर धरून गोल फिरून पाहिलं. रेंज नव्हती.

"सिस्टर, वाट चुकलो का आपण?" माझ्या बायकोनं विचारलं.

"वाट चुकली न्हाय. जरा लांब पडलीय," सिस्टर म्हणाल्या. पण आवाज नेहमीचा नव्हता. त्या आमच्याकडं पाठ करून उभ्या होत्या. मी बाजूनं पाहिलं तर त्यांनी स्वतःचंच मनगट धरलं होतं आणि त्यांचे ओठ हलत होते.

तेवढ्यात झाडीत काहीतरी मोठं सळसळलं. रानडुक्कर असेल, नाहीतर साधं माकडही असेल. सिस्टर दोन पावलं मागं आल्या आणि त्यांनी माझ्या आठ वर्षांच्या मुलीचा हात घट्ट धरला. पोरगी घाबरू नये म्हणून धरला असेल असं मला तेव्हा वाटलं.

"ऊन कुठं हाय बगा," असा आवाज आला.

आम्ही सगळे वळलो. अण्णा बोलत होते.

"सकाळी येताना ऊन तोंडावर व्हतं. आता बी तोंडावरच हाय. मंजी तुमी माघारी फिरलाच न्हाई. आजून म्होरंच चाललाव."

देशमुखांनी एकदा उन्हाकडं आणि एकदा घड्याळाकडं पाहिलं.

अण्णांनी काठीनं डावीकडं दाखवलं. "तितं झाडी हिरवी दिसती. तितं वढा असणार. वढ्याच्या कडंनं खाली गेलं की देऊळ यील. देऊळ खालच्या दरीत हाय, पाणी बी तिकडंच जातंय. चला." आणि ते चालायला लागले. काठी आता ते टेकत नव्हते, खांद्यावर टाकली होती. हळू चालणाऱ्यानं पुढं राहायचा नियम होता, पण त्या दिवशी पहिल्यांदाच आम्हाला पुढच्या माणसाला गाठण्यासाठी पाय उचलावे लागले. वाटेत त्यांनी मुलीला सशाच्या लेंड्या दाखवल्या, बोरीच्या काट्यातून हात न ओरबाडता बोरं कशी काढायची ते शिकवलं. मेंढरं हाकायची शीळ वाजवून दाखवली. आई गेल्यापासून मी त्यांच्या तोंडून इतकी वाक्यं एका दिवसात ऐकली नव्हती.

पाऊण तासात आम्ही रामलिंगाच्या देवळापाशी उतरलो.

सावलीत बसून भाकरी आणि शेंगाची चटणी खाताना सगळे अण्णांचं कौतुक करत होते. सिस्टर एका बाजूला एकट्याच बसल्या होत्या. अण्णांनी आपली भाकरी उचलली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"बाई, तुमच्या घरी कोण कोण असतंय?"

मी दचकलो. सिस्टर कॉलनीतल्या प्रत्येकाची साखर, रक्तदाब, पोरांचे मार्क, सगळं विचारतात. त्यांना हा प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवेना.

"कुणी न्हाय," सिस्टर म्हणाल्या. "आई व्हती. मी रिटायर व्हायच्या चार महिने आधी गेली. गावी, तेरला, आमच्या घरामागं नदीच्या काठी झाडी व्हती. ती म्हणायची, तू मोकळी झालीस की झाडीत फिरायला जाऊ. मी म्हणायची, जाऊ की, ड्यूटी संपू दे." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "रिटायर झाल्यावर पहिल्या रविवारी मी एकटीच इथं आले. फाटकापाशी दोन तास बसले आणि बसनं परत गेले."

"का?"

"भ्या वाटलं," सिस्टर म्हणाल्या. "आख्खी नोकरी मयतं बघितली, अपघात बघितले, कदी मागं सरले न्हाय. पण झाडीत एकटीला पाऊल टाकवंना. म्हणून मग ह्या सगळ्यांना घेऊन येते. ह्यांना वाटतं, सिस्टर आपल्याला नेतात."

अण्णांनी भाकरीचा घास तसाच हातात धरला होता. मग म्हणाले, "महिन्यातून एकदा मंजी लई कमी झालं. आज वार कंचा?"

"रविवार."

"मग बुधवारी येऊ. मला बी काम न्हाई."

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलले असतील. पण बुधवारी सकाळी अण्णा माझ्या आधी उठून, धुतलेलं धोतर नेसून दारात उभे होते. मी म्हणालो, रजा टाकतो, मीही येतो. ते म्हणाले, "तुजं हापिस बग. आमी जातो दोघं." मग निदान स्टँडपर्यंत सोडतो म्हणून मी गाडी काढली.

सिस्टर आधीच पोचल्या होत्या. येडशीकडं जाणारी एसटी लागलेली होती आणि माणसं दारात रेटारेटी करत होती. सिस्टर आत खिडकीशी बसल्या होत्या. शेजारच्या सीटवर त्यांनी आपली पिशवी ठेवली होती आणि एक हात पिशवीवर दाबून धरला होता. एक बाई विचारत होती, इथं कुणी हाय का. सिस्टर तिला म्हणाल्या, "हाय. माझ्यासंगट हायेत. येतायत."

इतकी वर्षं त्यांना ओळखतो, पण कुणासाठी तरी जागा धरून बसलेल्या सिस्टर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या. अण्णा गर्दीतून वाट काढत चढले. सिस्टरांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि सरकून त्यांना खिडकीची जागा दिली.