तुळशीच्या टोप्या

विठूने गच्चीचं दार ढकललं आणि तो जागच्या जागी थिजला. कुंडी गायब होती. कागदी टोप्या मात्र कोपऱ्यात नीट रचून ठेवल्या होत्या.

औषध कंपनीतून निवृत्त झाल्यावर विठूने मीरा रोडच्या या गच्चीवर, खोकल्याला पळवून लावेल असं तुळशीचं नवं वाण काढायचा चंग बांधला होता. हिरव्या तुळशीच्या इवल्याशा फुलांतले पुंकेसर चिमट्याने उपटायचे, काळ्या तुळशीचे पराग ब्रशने लावायचे आणि भलतीकडचा पराग शिवू नये म्हणून मंजिरीला टोपी घालायची. कित्येक हंगाम हात चोळत बसल्यावर यंदा कुठे बी धरलं होतं. उद्या संशोधन केंद्रातले साहेब ते न्यायला येणार होते.

खालून मंगलाष्टकं ऐकू आली. आज तुळशीचं लग्न! विठू धडधडत जिना उतरला. सोसायटीची तुळस ऐन वेळी वाळली म्हणून तळमजल्यावरच्या मंदाताईंनी त्याच्याच कुंडीला गेरू फासून तिला बोहल्यावर चढवलं होतं. मंजिऱ्या कुठायत, विठूने धापा टाकत विचारलं.

"खुडल्या. तिच्या डोक्यावर भार ठेवू न्हाय, विठूभाऊ. पंचामृतात घातल्या."

विठू अंतरपाटाखालून आत घुसला. "लग्न थांबवा. हिचं मी आधीच लावलंय."

"कोणाशी?" गुरुजींनी विचारलं.

"काळ्या तुळशीशी."

गुरुजींनी पोथी मिटली. विठूने पातेलं बळकावलं, गुरुजींचं उपरणं ओढलं आणि तो भर मांडवात पंचामृत गाळायला बसला. मंदाताई आधी भडकल्या, मग सगळं ऐकून ओशाळल्या आणि पदर खोचून मदतीला बसल्या. वरच्या मजल्यांवरून चहाच्या गाळण्या आल्या. दह्यामधात बरबटलेलं एकेक बी वेचून होईपर्यंत बाळकृष्ण बिचारा पाटावर ताटकळत उभा होता.

बियांची पुडी घेऊन विठू तरंगतच घरी आला. "साहेबांना छातीठोक सांगतो, एकाही मंजिरीला बाहेरचं वारं लागू दिलेलं नाही."

सुगंधाला नवऱ्याचं कौतुक वाटलं, आणि थोडं स्वतःचंही.

"असं कसं सांगता? अहो, गुदमरायची ती बिचारी. मी रोज सकाळी पाणी घालताना टोप्या काढायचे, तासभर वारा खाऊ द्यायचे आणि परत तश्शाच घालायचे. तुम्हाला कधी कळलं तरी का?"

विठूला कळलं नव्हतं. मधमाश्यांना मात्र कळलं होतं.