बरगडीला विश्रांती

विश्रांती घेणाऱ्यापेक्षा ती देणाऱ्याला जास्त कष्ट पडतात, ही गोष्ट मानवजातीने अजून मोकळ्या मनाने मान्य केलेली नाही. घेणाऱ्याला काय, नुसतं पडून राहायचं. देणाऱ्याला मात्र नियोजन करावं लागतं, देखरेख ठेवावी लागते, आणि वर चारचौघांत त्याचा गाजावाजा न करण्याचा मोठेपणाही दाखवावा लागतो. (हा शेवटचा भाग सगळ्यांनाच जमतो असं नाही.)

अधीक्षकांवर ही जबाबदारी अचानक येऊन पडली. नेमकं सांगायचं तर आधी त्यांची बायको पडली, जबाबदारी मागाहून. माळ्यावरचं मोठं पातेलं काढताना स्टूल सरकलं, ती ओट्याच्या कडेवर आपटली आणि बरगडीला चीर गेली. स्टूल धरायला अधीक्षक शेजारीच उभे होते, पण नेमका त्याच क्षणी फोन वाजला. (राँग नंबर होता, पण ते उचलल्याशिवाय कळत नाही.)

डॉक्टर म्हणाले, बरगडीला प्लास्टर नसतं, विश्रांती हेच औषध. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, जोरात हसायचंही नाही. चिरेवर ताण आला तर हाड तुटेल, आणि तुटलेलं टोक फुफ्फुसात घुसलं तर पुढचं काही सांगता येणार नाही.

अधीक्षकांनी हे फार मनावर घेतलं. कार्यालयात एखादा कर्मचारी रजेवर गेला की त्याचा कार्यभार कोणाकडे द्यायचा हे ते ठरवत; इथे त्यांनी तो स्वतःकडेच घेतला. रविवारी स्वयंपाकघराचा संपूर्ण ताबा आपला, असं जाहीर केलं. साधी भात-भाजी केली असती तरी भागलं असतं. पण भात-भाजी कोणीही करतं, त्यांची बायकोसुद्धा इतकी वर्षं तेच करत आली होती. पुरुषाने हात घालायचा तर पदार्थही तोलामोलाचा हवा. म्हणून बकऱ्याच्या बरगड्या ठरल्या, मसाल्यात मुरवून मंद आचेवर शिजवलेल्या, हाडापासून आपोआप सुटणाऱ्या. आणि सेवेला साक्षीदार हवा म्हणून बहीण आणि मेव्हणे यांना जेवायला बोलावणं गेलं.

खाटकाने विचारलं, तोडून देऊ का. अधीक्षक म्हणाले, अखंड दे. फोनवर त्यांनी या विषयाचा जो अभ्यास केला होता, त्यात बरगड्यांचा अखंड पट्टाच दाखवला होता. घरी आल्यावर पट्टा ट्रेपेक्षा लांब निघाला. तेव्हा ट्रे बदलावा की पट्टा कापावा, हा धोरणात्मक प्रश्न घेऊन ते बायकोच्या उशाशी गेले. ती उठली आणि सुरीने पट्टा सांध्यावर दोन ठिकाणी तोडून परत जाऊन पडली. मुख्य निर्णय मात्र अधीक्षकांचाच होता.

बरगड्यांच्या आतल्या बाजूला एक पातळ पापुद्रा असतो. तो काढला नाही तर मीठमसाला आत शिरत नाही. पापुद्रा नखाने उचकटून फडक्यात धरून ओढावा लागतो, आणि अधीक्षकांची नखं पदाला शोभतील इतकी बारीक कापलेली होती. पापुद्रा तिने ओढला. लसूणही तिनेच सोलला, पण खुर्चीवर बसून. आणि बसून करायचं काम विश्रांतीतच मोडतं असा खुलासा अधीक्षकांनी लगेच केला.

यानंतर ताबा खऱ्या अर्थाने सुरू झाला. अगं, मिरपूड कुठे असते? अगं, व्हिनेगर कुठलं, हे पांढरं का ते काळं? अगं, हे मिक्सरचं झाकण बसत कसं नाही? गूळ किसायचा की चिरायचा? पहिले काही प्रश्न तिने पडल्या पडल्या सोडवले. पण ओरडून उत्तर देण्यापेक्षा उठून येणं बरगडीला कमी दुखतं, असं तिच्या लक्षात आलं, आणि ती स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. तिच्या या स्वयंनिर्णयात अधीक्षकांनी जराही ढवळाढवळ केली नाही.

मसाला चोळला मात्र त्यांनी स्वतः. याचा फोटो आहे. (फोटोच्या डाव्या कोपऱ्यात वाटी धरलेला एक हात दिसतो, तो कापून मग नातेवाइकांना पाठवला.)

मसाला मुरला, ट्रेवर फॉइल बसली, आच मंद ठेवली. बहीण आणि मेव्हणे येऊन बाहेर टेकले. तोवर घरभर असा वास सुटला की मेव्हण्यांनी सोफ्यावरूनच अधीक्षकांना दाद दिली. पण ओव्हन होता ओट्याच्या खाली, आणि ट्रे होता बिडाचा. ओव्हनचं दार उघडलं की अधीक्षकांच्या चष्म्यावर वाफ धरायची, आणि दिसत नसताना गरम ट्रे उचलणं धोक्याचं. सुरक्षिततेबाबत ते कार्यालयातही कधी तडजोड करत नसत.

"तू काढ," ते म्हणाले. "पण जपून हं. डॉक्टरांनी काय सांगितलंय, लक्षात आहे ना?"

तिच्या लक्षात होतं. ती वाकली आणि तिने ट्रे उचलला. तो ओट्यावर टेकत असताना कट् असा बारीक आवाज झाला.

"सुटलं!" अधीक्षक चष्मा पुसत म्हणाले. "ऐकलंस? हाड सुटलं बघ. मंद आचेचा परिणाम."

ती ओट्याची कड धरून उभी राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "वाढू या का? मला जरा पडायचंय."

"छे, आत्ता कसं वाढणार? आधी विश्रांती द्यायला हवी. इतका वेळ ताप सोसलाय, दमलेलं असतं ते."

"कोण?"

"मांस," अधीक्षक म्हणाले.

आणि त्यांनी खरोखरच दिली विश्रांती. ट्रेवर घडी घातलेला मऊ टॉवेल पांघरला. पंख्याचा वारा थेट लागू नये म्हणून पंखा बंद केला. बहिणीला हळू बोलायला सांगितलं. मांसाचा रस आतल्या आत स्थिरावेपर्यंत कोणी त्याला हात लावायचा नाही, हलवायचं नाही, उगाच डिवचायचंही नाही. एखाद्या जिवाची इतकी काळजी त्या घरात आजवर कोणी घेतलेली नव्हती. तेवढ्या वेळात बायकोने ताटं मांडली.

बरगड्या उत्तम झाल्या होत्या, हे कबूल केलंच पाहिजे. मांस हाडावरून बोटाने सुटत होतं. नणंदेने हाड चोखता चोखता सुस्कारा सोडला.

"वहिनी, नशीब काढलंस बाई. आमच्याकडे पाण्याचा पेलासुद्धा हातात नेऊन द्यावा लागतो."

"अगं, तो पेला आणायला मीच तुला सांगत असतो की," मेव्हणे म्हणाले, आणि सगळे पोट धरून हसले. बायको हसली नाही. हसायचं नाही, ही डॉक्टरांची सूचना तरी तिने तंतोतंत पाळली. ती जेवलीही नाही. श्वास पुरत नाही म्हणाली. ओव्हनमुळे खोली गरम झाली असेल, असा अधीक्षकांनी निष्कर्ष काढला.

सकाळी डॉक्टरांनी नवा एक्स-रे उजेडावर धरला. चीर राहिली नव्हती. तिच्या जागी हाडाचे दोन तुकडे होते.

"काय उचललंत तुम्ही?" त्यांनी तिला विचारलं.

उत्तर अधीक्षकांनी दिलं. "काही नाही, डॉक्टर. काल तर सगळा स्वयंपाक मी केला. चांगल्या बरगड्या केल्या होत्या, मसाल्यात मुरवून."

"ते राहू द्या. विश्रांती किती दिलीत?"

"अर्धा तास," अधीक्षक अभिमानाने म्हणाले. "वर टॉवेल पांघरून."

डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला. आणि तेव्हा ती हसली. हसायला सक्त मनाई असताना, एक हात बरगडीवर दाबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तिला इतकं दुखत असताना हसू कशाचं येतंय, ते अधीक्षकांना शेवटपर्यंत कळलं नाही.

तुम्हालाही आत्ता हसू आलं असेल. हसा, तुमच्या बरगड्या शाबूत आहेत. आणि वाचता वाचता जो चहा प्यायलात त्याचा रिकामा कप तिथेच राहू द्या. जिने आणून दिला, ती नेईलही.