रामटेके सरांची पृथ्वी

रामटेके सर चालत्या एसटीत कशालाही धरत नाहीत. जागा रिकामी असली तरी बसत नाहीत. नागभीडहून गडचिरोलीला जाताना जंगलात वळणं लागली, की ते दोन सीटांच्या मधे पाय फाकवून उभे राहतात, डोळे मिटतात आणि प्रत्येक वळणाला कोणाच्या तरी अंगावर जातात. एकदा ते एका बाईच्या मांडीवर पडले. मांडीवर टोपली होती आणि टोपलीत कोंबडी. कोंबडीनं बस डोक्यावर घेतली आणि बाईनं सरांना फैलावर.

सर शांतपणे म्हणाले, "मले कोनी ढकललं नाई बाई. मी सरळच जाऊन राह्यलो होतो. बस वळली."

"मंग पुढच्या टायमाले बससंगं वळत जा," बाई म्हणाली. कंडक्टरनं दोघांचं ऐकून घेतलं आणि सरांना बळंच खाली बसवलं.

आमच्या ज्युनिअर कॉलेजात सर भौतिकशास्त्र शिकवतात, मी मराठी. घरंही शेजारीशेजारी. त्यामुळे त्यांच्यापासून सुटका अशी मला नाहीच. डोलणारी किंवा गोल फिरणारी कुठलीही वस्तू दिसली, की हा माणूस जागीच थांबतो. "हे काई साधं नाई जी," असं पुटपुटतो आणि सोबतच्या माणसाला उन्हात उभं करून ठेवतो. पुस्तकात झोक्याच्या गतीला 'सरल आवर्त गती' म्हटलंय, त्यावर तर त्यांचा कायमचा राग. ज्यानं ते नाव ठेवलं, त्यानं आयुष्यात झोका पाहिला नसावा, असं त्यांचं मत आहे.

बारशाला त्यांना बोलावणं म्हणजे विकतचं दुखणं. सगळे बाळाकडे बघतात, सर पाळण्याच्या दोरीकडे. मग स्वतःची नाडी धरून झोके मोजतात आणि जाहीर करतात, की झोका लहान द्या की जरा मोठा द्या, जाऊन यायला वेळ तेवढाच लागतो. बाळ जाड असो की बारीक, पाळण्याला त्याचं काही नाही, सगळं दोरीच्या लांबीवर. आमच्या गल्लीतल्या एका आजीला हे फार लागलं. नातू चांगला गुटगुटीत, आणि त्याच्या वजनाची कुठे दखलच नाही म्हणजे काय? ती सरांशी अजून बोलत नाही.

पण हसता हसता मी एकदा गप्पही झाले आहे. जवळच्या एका गावात अजून बैलांनी धानाची मळणी करणारं एक घर आहे. सर दरवर्षी वर्गाला तिथे नेतात, त्या वर्षी मीही गेले. मधल्या खांबाला बांधलेली बैलांची रांग गोल फिरत होती. सगळ्यांचा फेरा एकाच वेळी पुरा होत होता, पण कडेचा बैल जवळजवळ पळत होता आणि खांबाजवळचा रमतगमत चालला होता. "इथचा बैल म्हातारा हाय," सर खांबाकडे बोट दाखवत म्हणाले. "त्याले कमी चालाव लागते, पन फेरा सगळ्याइसंगंच पुरा होते." मी त्या म्हाताऱ्या बैलाकडे बघत राहिले. लहानपणापासून मळणी पाहत आले, आणि हे कधी दिसलंच नव्हतं.

गेल्या वर्षी सरांच्या डोक्यात भलतंच शिरलं. पृथ्वी फिरताना दाखवायची. कॉलेजात सगळ्यांना वाटलं, निवृत्ती जवळ आल्याचा हा परिणाम. खरं कारण मला माहीत होतं, कारण शशीवहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनंच ते सांगितलं होतं. लग्न नवीन असताना अंगणात खाट टाकून दोघं पडले होते. सर म्हणाले, आपण आत्ता या क्षणी फिरतोय. वहिनी म्हणाल्या, मला तर काही कळत नाही, दाखवाल तेव्हा मानेन. सरांनी दाखवायचं कबूल केलं आणि मग संसार, मुलं, परीक्षा यात ते राहून गेलं. आता वहिनींना काचबिंदू झाला होता. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, आणि उरलेली किती टिकेल याचा भरवसा नाही. सरांना घाई झाली होती ती याची.

प्रयोग ऐकायला सोपा होता. खूप उंचावरून तारेला जड वजन टांगायचं आणि झोका द्यायचा. वजन आपल्याच रेषेत येत-जात राहतं, ते वळत नाही. पण खालची जमीन पृथ्वीबरोबर वळत असते, म्हणून थोड्या वेळानं झोक्याची रेषा जमिनीवर सरकलेली दिसते. एवढं उंच छप्पर नागभीडात कुठे? शेवटी राईस मिलवाल्या गणूभाऊंनी सुट्टीच्या दिवशी मिल दिली. आढ्याला पोलादी तार लागली, तिला मिलमधलंच एक जुनं लोखंडी वजन, वजनाच्या बुडाला खिळा. खाली सरांनी कोंड्याच्या चिमुकल्या ढिगांचं मोठं वर्तुळ मांडलं. झोक्याची रेषा सरकली, की खिळा एकेक ढीग पाडत जाणार.

सर वहिनींना आणायला घरी गेले, तेवढ्यात मिलमधल्या बायकांनी वजनाची पूजा केली. नवीन काम, तेही पृथ्वीचं, असं कोरडंच कसं सुरू करायचं? हळदकुंकू लागलं, झेंडूचा भलाथोरला हार पडला. सरांनी येऊन वजन सोडलं, तर हार एका अंगाला घसरला आणि वजन अंड्यासारखे वेडेवाकडे फेरे घ्यायला लागलं. पृथ्वीला चक्कर आली, असं कोणीतरी म्हणालं. सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण त्यांनी बायकांना बोल लावला नाही. स्वतःच्या हातानं हार उतरवला, आढ्याच्या खांबाला घातला आणि वजन पुन्हा दोऱ्यानं मागे बांधलं. हाताचा जरासुद्धा धक्का नको म्हणून दोरा काडीनं जाळला. वजन सुटलं.

ते अवजड लोखंड इतकं हळू जात होतं, टोकाला क्षणभर थांबत होतं आणि परत येत होतं. समोरासमोरचे दोन ढीग पडले. बराच वेळ तेवढेच. मग शेजारचा एक पडला, त्याच्या समोरचाही पडला. कोणी हात लावला नव्हता, वारा नव्हता. गणूभाऊंनी चपला काढून ठेवल्या. माझ्या अंगावर काटा आला, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

वहिनी माझ्याशेजारी पोत्यावर बसल्या होत्या. त्या माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या, "मले काईच दिसून नाई राह्यलं. त्याइले सांगू नोका."

तेवढ्यात सरांनी वळून विचारलं, "दिसलं?"

"दिसलं जी. लय छान."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांना हाताला धरून उठवलं, वर्तुळाच्या कडेला नेलं आणि इस्त्रीच्या पॅन्टसकट तिथे जमिनीवर बसले. वहिनींना शेजारी बसवलं आणि त्यांचं बोट पडलेल्या ढिगांवरून फिरवलं. "हे पडलं. हे पडलं. हे अजून उभं हाय." वजन लांब गेलं होतं तेवढ्यात त्यांनी त्या उभ्या ढिगाशी, खिळा लागणार नाही इतक्या बाहेर, वहिनींचा हात उताणा ठेवला आणि मनगट घट्ट धरून राहिले.

वजन आलं नि गेलं. पुन्हा आलं नि गेलं. आम्ही सगळे त्या एका तळहाताकडे बघत होतो. सर कोणाकडेच बघत नव्हते. किती वेळ गेला कोण जाणे, खिळ्यानं ढीग कापला आणि कोंडा वहिनींच्या हातावर भुरभुरला.

वहिनींनी हात मागे घेतला नाही. त्यांनी दुसरा हात सरांच्या खांद्यावर टेकवला.

"सरकली जी," त्या म्हणाल्या. "आत्ता सरकली."