एकतीस नंबरचा पाना

सत्तेचाळीस हत्यारांच्या पेटीत सेहेचाळीसच हत्यारं होती. शशिधरनं तिसऱ्यांदा मोजून पाहिलं. पेटीतल्या लाल स्पंजात प्रत्येक हत्याराच्या आकाराचा खळगा कापलेला होता, त्यामुळे काय नाही ते शोधावं लागत नव्हतं. एकतीस नंबरचा खळगा रिकामा होता. त्यात बसणारा पाना करंगळीएवढा, अंगावर 'एस ३१' कोरलेलं आणि टोकाला जुना टवका.

दोन हजार एक सालची खंडेनवमी होती. शिरोली एमआयडीसीत फौंड्री असलेल्या बाळासोंचं सहा माणसांचं विमान उजळाईवाडीच्या हँगरमध्ये धुऊन उभं होतं. संध्याकाळी मुंबईहून तपासणी अधिकारी येणार होते. त्यांनी सर्टिफिकेटवर सही केली तर विमान आणखी वर्षभर उडणार. नाही केली तर काय, ते बाळासोंनी आधीच सांगून ठेवलं होतं, "इकून टाकणार. ट्रॅक्टर घेतो, त्याला कुणाची सही लागत न्हाय." मग विमानाच्या इंजिनिअरचं कोल्हापुरात काम ते काय उरणार? शशिधरला पुन्हा मुंबई गाठावी लागली असती. गडमुडशिंगीत त्याची आई बसव्वा एकटी होती. तिला मुंबईला चल म्हटलं की ती विचारायची, "आणि म्हस कुठं बांधू, गॅलरीत?"

तरीही शशिधरनं नियमात होतं तेच केलं. लॉगबुक उघडलं आणि लाल शाईनं लिहिलं : 'एक हत्यार सापडत नाही. सापडेपर्यंत विमान उडवू नये.' खाली सही केली, बाह्या सरसावल्या आणि विमान उघडायला घेतलं.

दुपारी बाळासो झेंडूचा हार घेऊन आले, तेव्हा विमानाच्या खुर्च्या उन्हात मांडलेल्या होत्या आणि आतली जमीन उचकटलेली होती.

"शशिधर, विमान धुवाय सांगितलंतं. सोलाय न्हाय."

"मालक, एक पाना कमी हाय."

"मग?"

"आत कुठं राहिला आणि वर गेल्यावर तारांत अडकला, तर विमान वळायचं न्हाय. सापडल्याबिगर उडवता येत न्हाय. नियम हाय."

"आरं, माझ्या फौंड्रीत रोज दहा पानं हरवत्यात. फौंड्री कधी थांबली व्हय?"

"फौंड्री थांबली तर जमिनीवरच थांबती, मालक."

बाळासोंनी हातातला हार प्रोपेलरला घातला. शशिधरनं तो काढून त्यांच्या हातात दिला. तोही नियम होता.

बाळासोंनी मोबाईल काढला आणि कसबा बावड्याला घरी फोन लावला. त्यांच्या पत्नी तानाबाई नवरात्रात उपास करायच्या आणि सूर्योदयापासून दिवेलागणीपर्यंत मौन धरायच्या. अकरा वर्षं त्यात खंड नव्हता. अशा दिवसांत फोनवर त्या देवघरातल्या घंटेनं बोलायच्या. एकदा वाजली तर हो, दोनदा वाजली तर नाही.

"ऐकतीस न्हवं?" बाळासोंनी विचारलं.

घंटा एकदा वाजली.

"शशिधरचा एक पाना हरवलाय. त्यानं समदं इमान उसवून ठेवलंय. पाना सापडू दे म्हणून देवीला सांग."

घंटा दोनदा वाजली. पुन्हा दोनदा. मग थांबेचना.

"आरती सुरू झाली बघ," असं समाधानानं शशिधरला सांगून बाळासोंनी फोन ठेवला.

आरती वगैरे काही नव्हती. एकतीस नंबरचा पाना तानाबाईंच्या देवघरात, देवीपुढच्या पाटावर होता. फौंड्रीचा हातोडा, शेतातला विळा, जीपचा जॅक अशी सगळी हत्यारं खंडेनवमीच्या पूजेला मांडल्यावर त्यांच्या मनात आलं होतं, विमानानं काय पाप केलंय? विमान काही पाटावर मावत नव्हतं. म्हणून पहाटे त्या रिक्षानं हँगरमध्ये जाऊन आल्या होत्या. शशिधर बादल्या भरायला गेला होता. पेटी उघडी दिसली, तेव्हा त्यांनी त्यातलं सगळ्यांत लहान आणि गोजिरं हत्यार ताम्हनात घेतलं. संध्याकाळी परत ठेवू, एवढ्याशा पान्यावाचून कुणाचं अडणार आहे, असं त्यांना वाटलं होतं.

आता त्यांनी पान्यावर अक्षता वाहिल्या, देवीची क्षमा मागितली आणि पाना पदराखाली धरून त्या अंगणात आल्या. जीपचा ड्रायव्हर आकाराम सावलीत बसला होता. चिठ्ठी लिहून उपयोग नव्हता, आकाराम स्वतःच्या सहीपलीकडे काही वाचत नसे. म्हणून तानाबाईंनी दोन्ही हात पसरले, जरा पुढं वाकल्या आणि विमानासारखी एक फेरी मारून दाखवली.

आकारामनं पायातल्या चपला काढल्या आणि हात जोडले. नवरात्रातली नवमी, मोकळे केस, कपाळावर मळवट. यात विमान कुणाला दिसणार?

"आई, माझ्या पोरीचं औंदा जमंल का?"

तानाबाईंनी कपाळाला हात लावून मान जोरात हलवली.

"न्हाय म्हणत्यात," आकाराम कळवळून म्हणाला.

ते ऐकून शेजारच्या धोंडुबाई नारळ घेऊन कुंपणावरून आल्या. "मला ठावं हुतं, वैनीच्या अंगात येणार. आकरा वरसं पाळतीया." त्यांनी ओटी भरली आणि सुनेबद्दल विचारलं. तानाबाईंनी विमानतळाच्या दिशेला बोट दाखवलं.

"माहेरी धाडू म्हणतीस? बरं," धोंडुबाई तत्परतेनं म्हणाल्या.

तासाभरात गल्ली गोळा झाली. तानाबाईंपुढं चौदा नारळ जमले. एक शब्द बोलल्या असत्या तर सुटल्या असत्या. पण एका शब्दानंही अकरा वर्षं मोडली असती. शेवटी त्या उठल्या आणि जीपच्या स्टेअरिंगवर जाऊन बसल्या. त्यांनी जन्मात कधी जीप चालवली नव्हती. तेव्हा मात्र आकारामचा भक्तिभाव उतरला.

"वैनीसाब, सरका. मी नेतो, कुठं म्हणाल तिथं."

धोंडुबाई मागं चढून बसल्या. जाईल तिथं देवीची सोबत सोडायची नाही, हे त्यांनी ठरवलं होतं. प्रत्येक वळणावर तानाबाई पान्यानं दिशा दाखवत होत्या.

इकडं बाळासो शिरोलीला जाऊन आले होते. त्यांनी तसलाच पाना मिळवला, फौंड्रीतल्या गुंडू मिस्त्रीकडून त्यावर 'एस ३१' कोरून घेतलं, वर काजळी आणि तेल चोळलं. आत काहीच न सापडल्यामुळे शशिधर खुर्च्या परत बसवत होता, तेवढ्यात त्यांनी तो हळूच खळग्यात ठेवून दिला.

अधिकारी आले. बारीक चणीचे, चष्मा नाकावर आलेला. त्यांनी लॉगबुकातली लाल ओळ दोनदा वाचली, मग पेटीकडे पाहिलं.

"इथं तर सगळी हत्यारं आहेत. सापडला का?"

"सापडला की," बाळासो म्हणाले. "खुर्चीखाली हुता."

शशिधरनं पाना उचलला. नंबर बरोबर होता, आकार बरोबर होता. टोकाला टवका नव्हता. बाळासो डोळ्यांनी त्याला विनवत होते. नुसतं 'हो' म्हटलं की सही, नोकरी, आई, म्हैस, सगळं जागच्या जागी राहणार होतं. त्यानं पाना अधिकाऱ्यांपुढं धरला.

"साहेब," तो म्हणाला, "हा आमचा न्हाय. आमचा अजून हरवलेलाच हाय."

अधिकाऱ्यांनी पेनाला टोपण लावलं. तेवढ्यात दारात जीप थांबली. कपाळभर कुंकू माखलेल्या तानाबाई उतरल्या, मागोमाग नारळांचं पोतं धरून धोंडुबाई. नेमका त्याच वेळी हँगरवरचा दिवा लागला. तानाबाईंनी दिव्याला हात जोडले आणि दिवसातला पहिला शब्द उच्चारला.

"एकतीस."

त्यांनी पाना अधिकाऱ्यांच्या हातात ठेवला. हळदीकुंकवानं तो लाल-पिवळा झाला होता, पण टोकाचा टवका तसाच होता.

"पूजेला मी नेलता. चूक माझी हाय साहेब, ह्या पोराची न्हाय. सोळा सोमवारांतला एक चुकला तर आमी पुन्यांदा पहिल्यापासनं धरतो. ह्यानं बी तेच केलंया."

अधिकाऱ्यांनी दोन्ही पाने उजेडात धरले. "मग हा दुसरा कुणाचा?"

तानाबाईंनी नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. अकरा वर्षांच्या मौनात त्या नजरेला बरीच धार आली होती.

"माझा," बाळासो म्हणाले.

अधिकारी म्हणाले, "भरलेल्या पेट्या मी रोज बघतो. मालक समोर उभा असताना, सही मिळायच्या बेतात असताना, पेटी भरलेली नाही असं सांगणारा इंजिनिअर आज पहिल्यांदा बघितला. विमानाची काळजी घेणारा असा माणूस असेल, तर मला माझी सही करायला भीती नाही." त्यांनी एकेक हत्यार मोजून घेतलं, विमानाला दोन फेऱ्या मारल्या, आत शिरून टॉर्चनं कोपरे पाहिले आणि पेनाचं टोपण काढलं. "पण पाना कुठं होता, ते लिहावं लागेल."

शशिधरनं लिहिलं : 'हत्यार पूजेस गेले होते. परत आले.' त्याखाली अधिकाऱ्यांनी स्वतःच्या अक्षरात भर घातली : 'यापुढे पूजा पेटीतच करावी.' जाताना धोंडुबाईंनी त्यांना दोन नारळ दिले.

दसऱ्याच्या सकाळी सगळ्यांना नवल वाटलं, ते निराळ्याच गोष्टीचं. विमान घेतल्यापासून दोन वर्षांत एकदाही त्यात पाय न ठेवलेल्या तानाबाई खुर्चीत बसल्या, पट्टा बांधला आणि म्हणाल्या, "हा पोरगा मोजतोय तवर मला भ्या न्हाय."

"चला तर मग," बाळासो शिडीवर पाय ठेवत म्हणाले.

"थांबा. तो खोटा पाना आणलाय न्हवं? त्याच्यावरचा नंबर पुसून टाका आदी."

"आता? खाली आल्यावर बघू की."

"आदी नंबर, मग इमान. नियम हाय."

बाळासोंनी शशिधरकडे आशेनं पाहिलं. शशिधरनं पेटीतली कानस काढून अदबीनं त्यांच्या हातात दिली. फौंड्रीचा मालक पंखाच्या सावलीत उकिडवा बसून अर्धा तास घासत होता, आणि पायलट घड्याळ बघत होता. काम झाल्यावर शशिधरनं हात पुढं केला.

"मालक, कानस."

कानस खळग्यात गेली. सत्तेचाळीस. विमान उडालं.

गडमुडशिंगीत बसव्वा धार काढत होती. डोक्यावरून आवाज गेला तशी तिनं कपाळावर हात धरून वर पाहिलं आणि म्हशीच्या पाठीवर थाप मारली.

"ऱ्हा निवांत. गॅलरीत जायाचं टळलं."