एक-शून्यचा समाचार

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी विष्णुपंत खांबेट्यांनी जाहीर केलं, की आज आपण गुस्तादशेठच्या हॉटेलात चहा पिणार नाही. सात वाजून अकरा मिनिटांनी त्यांना कळलं, की घरातही चहा होणार नाही.

"रेशनची साखर मी रविवारची धरतच नाही," उमाबाई म्हणाल्या. "तीन वर्षं झाली, रविवारी तुम्ही तिथंच पिता. आजच काय झालं?"

"त्याच्याकडे दुःख आहे."

"अगबाई! कोण गेलं?"

"इराण हरलं."

उमाबाईंनी हातातला डबा फडताळात ठेवला आणि नवऱ्याकडे नीट पाहिलं. नवरा गंभीर होता.

मार्च एकावन्नचा दुसरा आठवडा होता. आदल्या दिवशी दिल्लीत आशियाई खेळांतल्या फुटबॉलचा अंतिम सामना झाला होता, भारत विरुद्ध इराण. अंबरनाथ स्टेशनाबाहेरच्या गुस्तादशेठच्या हॉटेलात रेडिओ होता आणि कारखान्याच्या वसाहतीतली चाळीसेक माणसं त्याच्याभोवती कान लावून बसली होती. भारताने एक गोल केला. इराणने एकही केला नाही. गोल झाला तेव्हा सगळे उभे राहून ओरडले. विष्णुपंतही ओरडले, पण ते कारखान्यात टाइमकीपर होते आणि कोण कधी आलं, कोण कधी गेलं याच्यावर नजर ठेवायची त्यांना सवय होती. गोल झाल्याबरोबर गल्ल्यावरच्या गुस्तादशेठने कपाळावर हात मारला, तो आत निघून गेला आणि सामना संपेपर्यंत बाहेर आला नाही, हे त्यांनी पाहिलं.

आत दूध उतू गेलं होतं आणि माव्याची कढई करपत होती. हे मात्र त्यांना दिसलं नाही.

"अहो, पण तो कधी गेलाय तरी का इराणला?" उमाबाईंनी विचारलं.

"पाटीवर काय लिहिलंय?"

"चहा, ब्रून-मस्का."

"त्याच्या खाली. मालक, गुस्ताद इराणी. त्याच्याच दुकानात बसून, त्याचंच पाणी पिऊन आपण त्याच्या तोंडावर नाचलो. माणुसकी आहे की नाही? समाचाराला जायलाच हवं."

विष्णुपंत एखादी गोष्ट करायची म्हणाले, की ती नियमाप्रमाणे करत. समाचाराचे नियम त्यांना पाठ होते. पांढरे कपडे घालायचे. कमी बोलायचं. दुःखाच्या घरी काही खायचं-प्यायचं नाही. निघताना 'येतो' म्हणायचं नाही. ते घर म्हणजे हॉटेल आहे, एवढ्यावरून नियम बदलत नाहीत.

"मग परत आल्यावर पाय धुऊनच आत या," उमाबाई म्हणाल्या. "तोही नियमच आहे." त्या चेष्टेने म्हणाल्या होत्या. विष्णुपंतांनी होकारार्थी मान हलवली.

साडेसातपर्यंत त्यांनी वसाहतीतल्या चारही ओळी पालथ्या घातल्या. काहींना ही कल्पना विचित्र वाटली, पण आदल्या संध्याकाळी आपणच सगळ्यांत मोठ्याने ओरडलो होतो, असं प्रत्येकाला आठवत होतं. मग विष्णुपंत स्टेशनवर गेले आणि हॉटेलात जाणारा इंग्रजी पेपर त्यांनी पेपरवाल्याकडून मधल्यामध्ये काढून घेतला. पहिल्याच पानावर विजयाची बातमी होती. ती शेठच्या डोळ्यांसमोर कशाला? त्यांनी पेपर कोटाच्या आत सरकवला आणि बटण लावलं.

गुस्तादशेठ पहाटे पाचपासून राबत होता. करपलेला मावा टाकून त्याने नवा घोटला होता आणि भारत जिंकला म्हणून बरोबर शंभर केक भाजले होते. येईल त्याला चहाबरोबर एक केक शेठकडून, असं त्याने ठरवलं होतं. पावणेआठला पहिली मंडळी आली. सगळे पांढऱ्या कपड्यांत होते. त्यांनी हात जोडले आणि ते गप्प बसले.

"काय देऊ पंत? कडक?"

"आज काही नको."

"केक खावा. गरम हाय."

"नको."

"पानी तरी घेनार ना बाबा?"

"पाणीही नको." विष्णुपंतांनी शेठच्या हातावर हात ठेवला. "शेवटपर्यंत झुंज दिली. तेवढंच समाधान मानायचं."

"कोनी?"

विष्णुपंतांनी सुस्कारा सोडला. माणूस अजून स्वतःशीच कबूल करत नाहीये, हे त्यांना दिसत होतं. अशा वेळी नाव घेऊन जखमेवरची खपली काढू नये. ते पाच मिनिटं बसले, उठले आणि 'येतो' न म्हणता निघून गेले. त्यांच्यामागून बाकीचेही तसेच गेले. मग दुसरा गट आला. त्यानेही हात जोडले.

नऊपर्यंत बेचाळीस माणसं येऊन गेली. एक कपही विसळावा लागला नाही.

सव्वानऊला पालेगावहून हरिचंद्र दूध घेऊन आला. नेहमी तो कॅन आपटून आरोळी ठोकत असे. आज त्याने कॅन हळूच खाली टेकवला आणि डोक्यावरची टोपी काढली.

"शेट, कंदी झाला?"

"काय कंदी झाला?" शेठ ओरडला. "सकाळपासून सगळा गाव मला हात जोडतो! काय झाला काय?"

"मना काय म्हाईत? पंत वाटेत भेटलं. बोल्लं, शेटला दुख हाय, जास्त बोलू नको. ही लोकं धवली कापडं घालून येतान, म्हंजी घरचाच मानूस असंल." हरिचंद्राने आवाज उतरवला. "आनि तुमचा पेपर हाय ना, तो पंतांनी कोटात लपवलाय. मी बघला."

गुस्तादशेठ मटकन खुर्चीत बसला. पेपर! त्याच्या समाजातलं कोणी गेलं, की पेपरात छापून येत असे. सगळ्या अंबरनाथने ते वाचलं होतं आणि त्याला एकट्याला वाचू द्यायचं नव्हतं. त्याची आई पुण्याला धाकट्या मुलाकडे होती. वय शहात्तर. दिवाळीपासून खोकला होता.

"म्हातारं मानूस हाय कं कोन?" हरिचंद्राने हळहळत विचारलं.

शेठ उत्तर द्यायला थांबला नाही. एप्रनसकट तो स्टेशनच्या तारमास्तराकडे धावला आणि त्याने पुण्याला तार केली: 'आई कशी? लगेच कळव. गुस्ताद.' मग परत येऊन त्याने हॉटेलच्या फळ्या लावल्या, आणि उत्तर येईपर्यंत इथून हलायचं नाही अशा निश्चयाने तो तारऑफिससमोरच्या बाकावर जाऊन बसला. अठ्ठेचाळीसच्या जानेवारीनंतर ते हॉटेल पहिल्यांदाच बंद झालं होतं.

वसाहतीत ही बातमी दहा मिनिटांत पोचली.

"बघा," विष्णुपंत म्हणाले. "आणि तू म्हणत होतीस, कधी गेलाय का इराणला."

उमाबाई खरोखरच ओशाळल्या. "शेजारून वाटीभर साखर आणते. निदान तुम्ही तरी चहा घ्या. कपाळ दाबत बसलाय सकाळपासून."

"त्याची चूल बंद पाडून मी घरी चहा पिऊ? नाही. तो दुकान उघडेपर्यंत नाही."

नुसतं भेटून भागलं नाही, हे उघड होतं. आता दुखवट्याचा ठराव हवा. विष्णुपंत दुपारभर तो लिहीत होते. 'इराणच्या पराभवाबद्दल ही सभा दुःख व्यक्त करते' हे पहिलं वाक्य त्यांनी खोडलं, कारण त्याचा अर्थ आपण जिंकल्याचं दुःख झालं असा होत होता, आणि वसाहतीतले निम्मे लोक सरकारी नोकर होते. 'भारताच्या विजयाचा आनंद असूनही' हे समाचाराला शोभत नव्हतं. पाचव्या कागदावर अखेर जमलं: 'सामन्यात एक संघ हरतोच, याची ही सभा खेदपूर्वक नोंद घेते.' कपाळाची शीर ठणकत होती. त्यांनी खाली अडतीस सह्या घेतल्या आणि साडेपाचला स्टेशन गाठलं.

शेठ अजून बाकावरच होता. उत्तर आलं नव्हतं. डोळे सुजले होते. विष्णुपंत शेजारी बसले.

"पंत, आता तरी सांगा. मी मर्द मानूस हाय. ऐकेल मी."

"म्हणूनच लिहून आणलंय." त्यांनी कागद पुढे केला.

"मला मराठी वाचता नाय येत. तोंडाने सांगा. माझी आई गेली काय?"

"आई?" विष्णुपंत दचकले. "तुमच्या आईला काय झालंय?"

"मग कोन गेला?"

"कोणी नाही. इराण हरलं ना काल."

मालगाडीचे सगळे डबे एकेक करत समोरून निघून गेले. मग शेठ एकेक बोट मोडत विचारू लागला.

"म्हनून चहा नाय पिला?"

"समाचाराला घेत नाहीत."

"म्हनून पेपर पळवला?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून."

"अरे साला, मी पुन्यात जनमला!" शेठ उभा राहिला. "इराण मी नकाशात पन नाय बघितला! काल तो गोल झाला तेव्हा आत माझा दूध उतू गेला! हिंदुस्तान जिंकला म्हनून मी शंभर केक बनवला आनि बेचाळीस गाढव येऊन हात जोडून गेला! सकाळपासून मी इथे बसून आईला रडतो!"

विष्णुपंतांनी ठरावाची घडी घातली. "कपाळावर हात मारलात ना, त्यावरून..."

"दूध उतू गेला तर काय टाळी वाजवू? चला!"

शेठने त्यांना दंडाला धरून हॉटेलात नेलं, फळ्या काढल्या, स्टोव्ह पेटवला. कडक, आलं घातलेला, सायीचा चहा त्याने स्वतः ओतला आणि कप विष्णुपंतांच्या समोर आदळला. बशीत दोन केक ठेवले. विष्णुपंतांनी वाफ नाकात घेतली. अकरा तासांनी त्यांच्या कपाळाची शीर जराशी सैल झाली.

तेवढ्यात दारात टांगा थांबला.

टांग्यातून आधी अंड्यांची करंडी उतरली, मग औषधाची बाटली, मग ती धरणारा शेठचा धाकटा भाऊ आणि शेवटी, त्याला बाजूला सारत, आई खोर्शेदबाई. पुण्याहून कल्याण, कल्याणहून टांग्याने मागे अंबरनाथ, असा प्रवास करून ती आली होती.

"कोन बीमार हाय?" तिने दारातूनच विचारलं. "आई कशी म्हनून तार करतो? जो मानूस तीस वर्षात पत्र नाय लिहीत, तो तार करतो म्हंजे डोक्यात ताप गेला! जीभ दाखव!"

शेठने जीभ दाखवण्याऐवजी तिला उचललंच. तो हसत होता आणि रडतही होता. तिला खुर्चीत बसवून, पांढरे कपडे, लपवलेला पेपर, शंभर केक, सगळं त्याने हातवारे करून सांगितलं. धाकटा भाऊ हसून हसून टेबलावर वाकला. विष्णुपंतही, थोडे शरमून, हसले. आता नियमाची काही अडचण उरली नव्हती. त्यांनी कप उचलला.

खोर्शेदबाई हसली नव्हती.

"कोन हरला?" तिने विचारलं.

"इराण, मम्मा. फुटबॉलमधी."

"कितीने?"

"एक-शून्य."

"एकच?"

"एकच."

म्हातारीने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला. "इराणातून, याझ्दहून निघाली तेव्हा मी एकोनीस वर्षांची होती," ती कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाली. "आमच्या गल्लीत पोरं चिंध्यांचा चेंडू करून खेळायची. माझा भाऊ खेळायचा." तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. "एकच गोल."

शेठ गोंधळून आईकडे बघत राहिला. धाकट्याचं हसू थांबलं.

कप विष्णुपंतांच्या ओठांपासून बोटभर अंतरावर होता. मग त्यांनी तो एक थेंबही न सांडता बशीत परत ठेवला, टोपी सारखी केली आणि ते म्हातारीसमोरच्या खुर्चीवर जाऊन बसले. त्यांनी हात जोडले.

"शेवटपर्यंत झुंज दिली," ते म्हणाले.

खोर्शेदबाईने मान हलवली. "थोडक्यासाठी गेला," ती म्हणाली आणि तिने डोळे पुसले.

विष्णुपंत पाच मिनिटं बसले. मग उठले.

"पंत, चहा!" शेठ कुजबुजला.

विष्णुपंतांनी ओठांवर बोट ठेवलं आणि ते 'येतो' न म्हणता पायऱ्या उतरले.

घरी उमाबाईंनी शेजारून साखर आणून ठेवली होती. आधण उकळत होतं. शेठने दुकान उघडल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं.

"या," त्या आतून म्हणाल्या. "मिटलं ना एकदाचं? चहा टाकते."

विष्णुपंत उंबऱ्याबाहेरच थांबले.

"टाक," ते म्हणाले. "पण आधी पायांवर पाणी दे."