परीक्षेपर्यंत बरे होऊ नये

माणूस जोपर्यंत स्वतःच्या हाताने जेवतो, तोपर्यंतच घरात त्याला मत असते. दुसऱ्याने भरवायला सुरुवात केली की मत जाते आणि फक्त पथ्य उरते. हे सत्य पूर्वी लोकांना म्हातारपणी फुकट कळत असे. आता त्यासाठी विद्यापीठाने व्यवसायोपचार नावाचा साडेचार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम काढला आहे. हात लुळा पडलेल्या माणसाला बटण लावणे, केस विंचरणे, घास तोंडापर्यंत नेणे ही स्वतःची कामे पुन्हा स्वतः करायला शिकवावे, असे या शास्त्राचे उद्दिष्ट आहे. उद्दिष्ट फार उदात्त असल्याने त्यावर दर वर्षी पाच गुणांचा प्रश्न येतो. (विद्यार्थ्यांना मात्र जन्मभर एकच प्रश्न येतो : ‘म्हणजे फिजिओच ना?’)

लालबागची श्रेया घाडीगावकर या विषयात पहिल्यापासून हुशार. ‘स्वावलंबी भोजन’ हे प्रकरण ती वाचत बसली की तिची आई रुपाली भात कालवून तिला घास भरवी, कारण अभ्यास करणाऱ्या मुलीचे हात पुस्तकात गुंतलेले असतात. तोंड उघडण्यापुरता अभ्यास थांबे, तेवढेही श्रेयाला खटके.

अशात आजोबा, म्हणजे लहू घाडीगावकर, गावाहून शिमगा करून परतले आणि आठवड्याच्या आत पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला. घरावर आभाळ कोसळले, आणि श्रेयाला शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी पेशंट मिळाला. ईश्वर एक दार बंद करताना घरातल्या दुसऱ्या कोणाची तरी सोय बघतोच.

रुपालीने सासऱ्यांना भरवायला घेतले. मासळीचा काटा घशात अडकला तर मजल्यावरचे लोक सुनेलाच नावे ठेवणार, म्हणून बांगडा ती स्वतः काटे काढून, चुरा करून देई. लहू आजोबांना याचा मनस्वी संताप होता. ज्याला बांगड्याचा काटा काढता येत नाही त्याने बांगडा खाऊ नये, वरणभात खावा आणि घाटावर जाऊन राहावे, असे त्यांचे आयुष्यभराचे मत. आपल्या हाताने बांगडा खायचा, एवढीच आता त्यांची इच्छा होती.

इथे श्रेयाच्या शिक्षणाचे तेज दिसले. तिने आईला बाजूला केले, चमच्याला जाड कापड गुंडाळून मूठ केली, चमच्यावरून बोटांवर आणले, वाटाणे उचलायला लावले. सांडले तर सांडू दिले. (रुपाली दर वेळी फडके घेऊन धावे, पुसायची सवय ही पक्षाघाताहून चिवट असते.) गणपती गेले आणि एका दुपारी आजोबांनी अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत बांगड्याचा मधला काटा अख्खा उचलून ताटाच्या कडेला ठेवला.

“आज मी माज्या हातान जेवलंय गो,” ते म्हणाले. श्रेयाच्या डोळ्यांत पाणी आले. आपण निवडलेला विषय खरा आहे, असे तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वाटले.

दुसऱ्या दिवशी परळच्या कॉलेजात तिने हे जयवंत सरांना सांगितले. सर अनुभवी होते, म्हणून ते आनंदले नाहीत.

“पेशंट बरा झाला तर एक्झामला काय दाखवणार? एक्स्टर्नल काय तुझ्या आजोबांना बांगडा खाताना बघायला येणारेत?”

सरांचे बरोबरच होते. परीक्षेचा पेशंट टिकाऊ हवा. वर्गातल्या राहुलचा पेशंट गेली कित्येक वर्षे दर परीक्षेला बसत होता, परीक्षकांना आपला आजार क्रमवार सांगत होता आणि अडलेल्या विद्यार्थ्याला पुढचा मुद्दा पुटपुटत होता. एवढ्या वर्षांत त्याचा हात तसूभर सुधारला नव्हता. असा पेशंट मिळायला भाग्य लागते.

श्रेया घरी आली आणि आजोबांच्या पायाशी बसली.

“आजोबा, एक्झाम होईपर्यंत जरा... उजवा हात नका ना वापरू.”

“मगे मी बरो कधी होऊ?”

“डिसेंबरनंतर.”

नातीच्या करिअरचा प्रश्न होता. आजोबांनी हात मांडीवर ठेवला. रुपाली ताट घेऊन आली, आणि घरात पुन्हा शिस्त आली.

विद्यापीठाने परीक्षा जानेवारीत ढकलली, मग मार्चमध्ये. हाताला वेळापत्रक कळवले नव्हते. तो आपला मिटत गेला.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले, “आजोबा, हाताने काय करावंसं वाटतं?”

“काय्येक नाय. सून भरवता, मी खातंय.”

पेशंटने परिस्थिती उत्तम स्वीकारल्याचे परीक्षकांनी नमूद केले. श्रेया कॉलेजात पहिली आली. नाक्यावर तिच्या अभिनंदनाचा बॅनर लागला. त्यात तिचा फोटो मंडळाच्या सल्लागारांच्या फोटोंखाली शोधला की सापडे.

त्या दिवशी घरात बांगडे होते. ‘आता खा हाताने’ म्हणून श्रेयाने आजोबांची बोटे धरून उघडली. ती उघडेनात. तिला शरम वाटली, खरीखुरी. मग तिने काटे काढले, घास केला, आणि आजोबांनी मुकाट्याने तोंड उघडले. दारात पेढे खायला आलेली शेजारीण गहिवरून म्हणाली, “नात असावी तर अशी.”

वाचकहो, तुम्हाला श्रेयाचा राग आला असेल, तो योग्यच आहे. परवा तुमचे वडील दाराशी चपलेचा पट्टा लावत वाकून बसले होते आणि खाली रिक्षा थांबली होती, तेव्हा ‘द्या इकडे, मी लावतो’ असे तुम्ही म्हणालात. श्रेयाला तिथवर पोहोचायला साडेचार वर्षे लागली. तुम्ही तर कुठे प्रवेशही घेतला नव्हता.